उतरलेला गांधार

“कोण कुमुद?” उकिडवेबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या पेटीसमोरच्या खुर्चीवर बसले होते. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. म्हटलं, चेहरा बघून तरी ओळख पटेल. बाईंनी चष्मा पदराला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारी उभ्या असलेल्या वैजयंतीकडे मान वळवली.

“आपल्याकडे होती का गं ही?”

“होती ना बाई. खारग्यांची कुमुद. मागवाल्या खारग्यांची,” वैजयंती म्हणाली. “पण फार दिवस टिकली नाही.”

“असेल, असेल. इतक्या मुली येऊन गेल्या, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं?” बाई हसल्या. “काय घेशील? चहा टाकायला सांगू?”

मीही हसले. घरून निघताना पोटात जेवढा राग होता, तेवढाच आणखी मला तिथं फुकटात मिळाला. जिच्यामुळे मी उभ्या जन्मात पुन्हा तोंडातून सूर काढला नाही, तिला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. मी चहा घेतला. चांगला होता, आल्याचा.

हे करोनाच्या दुसऱ्या वर्षातलं. इचलकरंजीत यंत्रमाग अर्धेअधिक बंद, हॉलला कुलपं, लग्नंसुद्धा मोजक्या माणसांत उरकत होती. अशात बाईंच्या गायन वर्गाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. वैजयंती आता वर्ग चालवायची. ती माझ्याच वयाची. आम्ही एकाच सतरंजीवर बसून अलंकार घोकले होते. फरक इतकाच, की तिचा गळा बाईंच्या पेटीला तंतोतंत चिकटायचा आणि माझा चिकटायचा नाही. सुवर्णमहोत्सव मोबाईलवरच करायचा असं तिनं ठरवलं होतं, आणि त्यात सगळ्या आजी-माजी विद्यार्थिनींसाठी काहीतरी खेळ हवा, असं तिनं ग्रुपवर लिहिलं होतं. तो निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी त्याच दिवशी तिला फोन केला.

“मी प्रश्नमंजूषा करून देते,” मी आता बाईंना सांगितलं. “कानाची. आधी सोप्या फेऱ्या. कुठला थाट, कुठला वादी, असं. मग सूर ऐकवायचा आणि ओळखायला लावायचं. आणि शेवटची फेरी स्वरपारखीची. तंबोऱ्यावर एक सूर ऐकू येईल. तो बरोबर आहे, चढा आहे की उतरलेला, एवढंच सांगायचं.”

“हे सगळं मोबाईलवर?”

“हो. आणि त्या शेवटच्या फेरीत, सगळ्यांनी उत्तरं दिली की निकाल तुम्ही द्यायचा. मोबाईलचं उत्तर त्यानंतर उघडेल. शेवटी शब्द तुमचाच हवा ना बाई.”

बाईंचा चेहरा उजळला. “हे मात्र चांगलं सुचलं हं तुला. नाहीतर यंत्राला काय कळतंय सुरातलं?” असं म्हणत त्यांनी सवयीनं डाव्या हातानं भाता हलवला आणि उजव्या हाताचं बोट एका पट्टीवर ठेवलं. पेटी वाजली. त्यांना बोलतानासुद्धा पेटीचा आधार लागायचा. कुणाच्याही सुरावर मत द्यायचं, तर आधी त्यांचं बोट पट्टीवर जायचं, मग तोंड उघडायचं. मी त्या बोटाकडे बघत चहा संपवला.

ते बोट मी आधीही पाहिलं होतं. मी नववीत होते. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, शाळेचा हॉल, पुढच्या रांगेत गावातली बडी मंडळी, आणि त्यांच्याच ओळीत, नवा कोट घालून अवघडून बसलेले माझे वडील. मी भूप गात होते. मला भूप फार आवडायचा. त्यातल्या गांधारावर थांबलं, की माझ्या अंगातून काहीतरी शांत वाहत जायचं. घरात दिवसभर माग चालायचे, पण त्या खडखडाटातही मी तो गांधार मनात धरून बसू शकायचे. त्या दिवशी मी त्याच्यावर थांबले आणि बाईंनी पेटी थांबवली.

“थांब. ऐक.” त्यांनी एकच पट्टी दाबली. “हा गांधार. तुझा उतरलाय. पुन्हा.”

मी पुन्हा लावला. माझ्या कानाला तो बरोबर वाटत होता, म्हणून तिथंच लावला.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदाही तो तिथंच लागला. बाई श्रोत्यांकडे वळल्या आणि हसून म्हणाल्या, “हिला कानच नाही. मागाच्या खडखडाटात वाढलेले कान हे, त्यांना दुसरं काय ऐकू येणार? बस खाली.”

सगळे हसले. माझे वडीलही हसले. बड्या लोकांत बसले होते ना. ती मंडळी हसली म्हणून तेही हसले. बाईंपेक्षा त्या हसण्याचं मला जास्त लागलं, पण वडिलांवर राग धरून बसणार तरी किती? ते गेले. बाई होत्या. मग सगळा राग मी बाईंच्याच नावावर जमा केला.

त्यानंतर मी गायले नाही. आरतीला नुसते ओठ हलवले. लग्नात उखाणा घेतला तोही सपाट, वर्तमानपत्र वाचावं तसा. पोरगा झाला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन थोपटायची, पण अंगाई म्हटली नाही. सासूबाई म्हणायच्या, “काय गं, मुकी हाईस का तू?” आपल्याला कान नाही, ही गोष्ट मी खरी मानून टाकली होती. तेच तर जास्त वाईट होतं.

मग करोना आला, आणि घरात बसून बसून मी मोबाईलवर भाज्यांचे व्हिडिओ बघायला लागले. एकदा मध्येच जाहिरात आली: तुमचा कान किती तयार आहे? खेळून बघा. मी म्हटलं, बघू या, किती नाही ते. नाव टाकायला सांगितलं तिथं मी ‘खडखडाट’ असं टाकलं.

खेळ अगदी पोरकट होता. तंबोरा सुरू व्हायचा, एक सूर वाजायचा, खाली सात चौकोन. बरोबर चौकोनावर बोट ठेवलं की टाळ्या, चुकलं की एक छोटा तबला फुटायचा. पहिल्या दिवशी माझा एकही तबला फुटला नाही. मला वाटलं, सोपं असेल. पुढच्या पायऱ्यांवर दोन-दोन सूर एकदम, मग कोमल-तीव्र, मग दोन सुरांत चढा कोणता ते ओळखायचं, आणि दर खेपेला फरक आणखी बारीक. दुपारी जेवणं झाली की मी माजघरात कानात वायरी घालून बसायची. एक भाग ‘गाऊन दाखवा’ असाही होता. त्याला मी हात लावला नाही.

“अगं, काय करालीस कवाधरनं?” आमचे हे विचारायचे. श्रीपतराव साधा माणूस. त्यांना जगात दोनच आवाज कळतात, माग चालू आणि माग बंद.

“खेळालोय,” मी म्हणायची.

“ह्या वयात?”

“ह्याच वयात.”

काही आठवड्यांत ‘खडखडाट’ हे नाव त्या खेळाच्या पाटीवर सगळ्यात वर जाऊन बसलं. खाली पुण्या-मुंबईची, बंगाल-कर्नाटकाची नावं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला फक्त एकच प्रश्न पडला: मग त्या दिवशी काय झालं होतं?

त्याचं उत्तरही खेळातच मिळालं. वरच्या पायरीवर नुसत्या शुद्ध गांधाराचा एक डाव होता. तंबोरा आणि गांधार. बरोबर, चढा की उतरलेला? मी जिथं बरोबर म्हणाले, तिथं ते बरोबर निघालं. मग खाली माहिती उघडली. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की त्यातूनच गांधार आपोआप ऐकू येतो, तो खरा गांधार. पेटीवर कुठलीही पट्टी सा धरता यावी म्हणून तिचे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे पेटीचा गांधार खऱ्यापेक्षा थोडा चढा असतो. पेटीची सवय झालेल्या कानाला खरा गांधार उतरलेला वाटतो.

मी ते तिथंच बसून परत परत वाचलं. माझा गांधार तंबोऱ्याचा होता. बाईंनी तो पेटीशी ताडून पाहिला होता. लेखी परीक्षेला याच बाई आमच्याकडून बावीस श्रुती घोकून घ्यायच्या, आणि प्रत्यक्षात बारा पट्ट्यांच्या पलीकडे त्यांना जग नव्हतं. मला रडू आलं नाही. डोकं एकदम स्वच्छ झालं. मला बाईंच्या तोंडून एक शब्द हवा होता. चार लोकांत, त्यांच्याच तोंडून: बरोबर. कुमुदचा गांधार बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी सलमा मोमीनच्या शिलाईच्या दुकानात गेले. तीही वर्गात होती, माझ्या आधी दोन वर्षं बाहेर पडलेली.

“सलमा, बाईंनी तुला का काढलं होतं गं?”

तिनं मशीन थांबवलं. “आता ग बया. आज बरी आठवण झाली तुला ती?” मग दोरा तोडत म्हणाली, “काढलं काय, हाकललंच की. म्हणाल्या, तुझा गांधार बसत न्हाई, तू शिवण शीक. शिकली. ह्ये बघ, शिकली.”

“गांधारच म्हणाल्या?”

“गांधारच. अजून सपनात येतोय त्यो मेला.”

मी तिच्या कानात वायरी घातल्या आणि खेळ सुरू करून दिला. गिऱ्हाईक ब्लाउज मागायला आलं, त्याला तिनं हातानंच थांब म्हटलं. तिचाही एकही तबला फुटला नाही. गांधाराच्या डावावर आली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

मग मी शोधच घेतला. आमच्या गावात कोण कुणाच्या वर्गातून का बाहेर पडलं, हे विचारायला पोलीस लागत नाहीत. कुणी भाजी मंडईत भेटली, कुणी माहेरपणाला आलेली, कुणाला फोन लावला. बहुतेकींना गांधारावरच ठेचलं होतं. एक जण म्हणाली, धैवतावर. पेटीचा धैवतही तसाच चढा. माझ्या ध्यानात आलं, की बाईंनी पन्नास वर्षं वर्ग चाळला होता. पण कोंडा जपून ठेवला होता आणि पीठ वाऱ्यावर सोडलं होतं. ज्यांना खरंच ऐकू येत होतं, नेमक्या त्याच पोरींना ‘तुला कान नाही’ म्हणून घरी धाडलं होतं.

आता एकटीचा हिशेब राहिला नव्हता. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली मीच होते.

“मला नगं तसलं काय,” मी बेत सांगितल्यावर सलमा म्हणाली. “त्या बाईच्या दारात परत? मरीन पन जानार न्हाई.”

“दारात कुठं? मोबाईलवर यायचंय. कॅमेरा बंद ठेव, नाव नुसतं ‘शिवण’ टाक. गांधार वाजेल, तुझ्या कानाला जे वाटतंय ते लिही. बाकी माझ्यावर सोड.”

“तू काय करनार हाईस?”

“बाईंना ऐकवणार आहे.”

“काय?”

“गांधार,” मी म्हणाले.

जे ऐकवायचं होतं ते वैजयंतीनंच माझ्या हातात दिलं होतं. सुवर्णमहोत्सवासाठी तिनं बाईंच्या तरुणपणीची एक मैफल यूट्यूबवर टाकली होती. मिरजेतली. बाईंचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. गुरूंच्या घरी राहून शिकत होत्या. पाठीमागे दोन तंबोरे, साथीला पेटी नाही. आणि राग भूप. मी ती मैफल ऐकली आणि खोटं कशाला बोलू, थरारले. तो गांधार इतका जागच्या जागी लागत होता, की तंबोऱ्यातून कुठला आणि गळ्यातून कुठला हे कळू नये. या बाईला एकदा ऐकू येत होतं. मग इचलकरंजीत वर्ग निघाला, तंबोरा भिंतीवर टांगला गेला, समोर पेटी आली, आणि वर्षानुवर्षं त्या पट्ट्या दाबून दाबून त्यांनी आपलाच कान बुजवून टाकला.

मी त्यातला एकच लांब गांधार कापून घेतला. मागे ना शब्द, ना तान, नुसता सूर, आवाजही तरुण. कुणाला ओळखता आला नसता. ती फीत जुनी, तिचा सा पेटीच्या पट्टीशी किंचित जुळत नव्हता. तो मी यंत्रानं बाईंच्या नेहमीच्या काळी चार पट्टीवर आणून बसवला, म्हणजे उद्या बाई म्हणायला नकोत की पट्टीच वेगळी होती. सगळंच एकत्र सरकवलं. सा आणि गांधार यांच्यातलं अंतर मी तसूभरही बदललं नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. पडद्यावर चौकोनच चौकोन, वरच्या चौकोनात बाई. जरीची साडी, गळ्यात हार, पुढ्यात पेटी. भाषणं झाली. कुणी म्हणालं, बाईंनी गावाचे कान घडवले. मी आवाज बंद करून ठेवला होता, म्हणून माझं हसणं कुणाला ऐकू गेलं नाही.

सोप्या फेऱ्या मजेत पार पडल्या. बाई खूश. मग शेवटची फेरी आली. पहिला सूर पंचमाचा, चांगलाच चढवलेला. सगळ्यांनी चढा म्हटलं, बाईंनी पट्टी दाबून चढा म्हटलं, मोबाईलनंही तेच दाखवलं. टाळ्या.

दुसरा सूर गांधार. तो मी वैजयंतीच्याच एका गाण्यातून घेतला होता.

बाईंचं बोट पट्टीवर गेलं. “वा! बरोबर. नितळ गांधार.”

पडद्यावर उत्तर उघडलं: चढा.

मग बाई हसल्या. “मी म्हटलं नव्हतं? यंत्राला काय कळतंय? पुढचा लाव.”

“लावते बाई,” मी म्हणाले. “हा नीट ऐका. दोनदा वाजवते.”

तंबोरा सुरू झाला, आणि त्याच्यावर बाईंचा पंचविशीतला गांधार. वर्गातल्या मुलींनी एकापाठोपाठ एक ‘उतरलेला’ लिहिलं. खाली, कॅमेरे बंद असलेल्या चौकोनांतून वेगळी उत्तरं येऊ लागली. ‘शिवण’: बरोबर. ‘भाकरी’: बरोबर. ‘माहेरवाशीण’: बरोबर.

बाईंनी पट्टी दाबली. ऐकलं. पुन्हा दाबली आणि मान हलवली.

“उतरलाय. स्वच्छ उतरलाय.”

“नक्की ना बाई?” मी विचारलं.

“अगं, शेंबडं पोरही सांगेल. कोण गातंय हे? कुणी का असेना, तिला सांगा, बाई गं, तुला कान नाही. उगाच वेळ घालवू नकोस.”

हे वाक्य त्या म्हणतील अशी मला आशा होती. पण इतकं जसंच्या तसं म्हणतील असं वाटलं नव्हतं.

उत्तर उघडलं: बरोबर.

“पुन्हा तेच,” बाई चिडल्या. “बंद करा तो खेळ.”

“बंद करते. त्याआधी हा सूर जिथून घेतलाय, ते थोडं ऐकवते,” मी म्हणाले, आणि पूर्ण आलाप सोडला. गांधारावरून आवाज खाली रिषभावर उतरला, षड्जावर आला, आणि तंबोरे भरून वाहायला लागले.

वैजयंतीनं तोंडावर हात घेतला. “बाई… हे तुमचं आहे. मिरजेचं.”

बाईंचं बोट अजून पट्टीवर होतं, पण भाता थांबला होता.

“मी कुमुद खारगे,” मी म्हणाले. “नववीत असताना गुरुपौर्णिमेला भूप गात होते. तुम्ही मला हेच वाक्य ऐकवलंत, माझ्या वडिलांसमोर. ते हसले होते बाई. मी याच गांधारावर थांबले होते. तुमच्याच.”

बाईंनी पडद्याजवळ तोंड आणलं. “ज्यांनी बरोबर लिहिलं, त्या कोण?”

“दिसू दे गं,” मी म्हणाले.

एकेक कॅमेरा उघडला. कुणाच्या मागे स्वयंपाकघराची मांडणी, कुणाच्या मागे गोठा, कुणाच्या मांडीवर नात.

“मी मोमीनांची सलमा,” सलमा म्हणाली. “मला शिवण शीक म्हणालता बाई. शिकली. आता तुमच्या वर्गातल्या पोरींचे ब्लाउजबी मीच शिवतो.”

बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त भारी होतं. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! लोक म्हणतात सूड घेऊन माणसाला रितं रितं वाटतं. ते ज्यांना घेता येत नाही त्यांचं म्हणणं असावं. मी तर तुडुंब भरले होते.

बाईंनी पेटीचं झाकण लावलं, हार काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “कुमुद.”

“हं.”

“तंबोरा चालू ठेव. तुझा गांधार ऐकव.”

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला त्यांच्याकडून शब्द हवा होता, परीक्षा नको होती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, सलमाही, वैजयंतीही. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि उघडलंच आहे तर म्हणून सा लावला. आवाज भसाडा निघाला, पण टिकला. रिषभ घेतला. मग गांधारावर गेले.

तो उतरला होता.

केसभर नव्हे, चांगलाच. जन्मभर न वापरलेला गळा, तो कुठून वर येणार? कान माझा शाबूत होता, म्हणून इतर कुणाच्याही आधी ते मला ऐकू आलं. मी ढकलून पाहिलं, सूर हलला, थरथरला, पण जागेवर बसला नाही. शेवटी श्वास संपला आणि मी थांबले.

बाईंच्या भुवया उडालेल्या मी पडद्यावर पाहिल्या. त्यांना ते ऐकू आलं होतं. पेटी मिटलेली होती, समोर फक्त तंबोरा होता, आणि त्यांच्या मिरजेच्या कानाला सगळं नीट ऐकू आलं होतं. त्या ‘उतरलाय’ म्हणाल्या असत्या तर ते खरं झालं असतं, आणि मी ते मानून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “कुमुदचा गांधार बरोबर आहे.”

वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. वैजयंती डोळे पुसत होती. आमच्यातल्या एकीनंही टाळी वाजवली नाही. सलमा खाली मान घालून मांडीवरच्या कापडाची घडी करत होती. त्यांना ऐकू येत होतं ना.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. अजूनही गावात त्या दिवसाचा विषय निघतो. लोक म्हणतात, बाईंचं मन केवढं मोठं, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मी मान डोलावते. पहिल्या वेळी त्या नुसत्या चुकल्या होत्या. त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं, आणि त्याची मी पुरती परतफेड केली. दुसऱ्या वेळी त्यांना बरोबर ऐकू आलं, आणि त्यांनी माझी कीव केली. त्याची परतफेड घ्यायला त्या राहिल्या नाहीत.